कापणीत कुणी आजारी पडत नाही

आमच्या अतिदक्षता विभागाच्या खिडक्या उघडत नाहीत. आत बारा महिने तोच थंडावा आणि तोच पांढरा उजेड. बाहेर ऊन आहे की ढग, हे आम्हाला जेवायला खाली उतरल्यावरच कळतं. त्यामुळे ऋतू आमच्याकडे येतात ते नातेवाइकांच्या अंगावरून. रोवणीच्या दिवसांत दाराबाहेर काढलेल्या चपलांना चिखल असतो. थंडीत बाकावर घोंगड्या दिसतात. आणि दिवाळी उलटली की एके दिवशी भेटीच्या वेळेला आलेल्या एखाद्या बाईच्या अंबाड्यात तणसाची, भाताच्या पेंढ्याची काडी अडकलेली असते. धानाच्या बांधीतून, म्हणजे खाचरातून, तशीच उठून आलेली असते बिचारी. मी तिला तिच्या पेशंटबद्दल सांगायचं ते सांगते, पण माझा डोळा त्या काडीवर असतो. भंडारा जिल्ह्यात कापणी लागली, हे मला असं कळतं.

यंदा ती काडी मी हळूच काढून घेतली. बाईला वाटलं, सिस्टर स्वच्छतेवरून काही बोलणार. ती ओशाळली, पदर सावरू लागली. मी म्हटलं, "राहू द्या हो मावशी, आमच्या घरीपण धानच आहे." मग ती मोकळी हसली आणि आमचा धान हलका म्हणजे लवकर येणारा की भारी म्हणजे उशिराचा, कापून झाला की उभा आहे, सगळं विचारून घेतलं. नवरा आत मास्क लावून झोपलेला, तरी धानाची चौकशी चुकली नाही. काडी मी ॲप्रनच्या खिशात टाकली आणि दिवसभर मधून मधून नाकाशी नेत राहिले. वास कसला, धूळच ती. पण त्या धुळीत माझ्या आयुष्यातला एक मोसम आहे, आणि त्याचं देणं मी अजून मनातल्या मनात फेडते आहे.

नेमक्या याच दिवसांत आमच्याकडे परीक्षेच्या पोरी येतात. क्रिटिकल केअर नर्सिंगचा एका वर्षाचा डिप्लोमा करणाऱ्या. हातात जाडजूड पुस्तकं, डोळ्यांखाली काळं, आणि तोंडाने सतत काहीतरी पुटपुटणं चालू. त्यांतली प्राची नावाची एक यंदा माझ्या वाट्याला आली आहे. तुमसरकडची, हुशार, धडपडी. पण यंत्राने जरा टुक् केलं की हिची मान मॉनिटरकडे. पेशंटने हाक मारली तरी आधी मॉनिटरकडे बघते आणि मग त्याच्याकडे, जसं काही त्याने हाक मारायला मॉनिटरची परवानगी काढली आहे की नाही ते तपासते आहे. मी तिला रागावते, आणि रागावताना मला आतून हसू येतं. कारण मी तिच्याहून वाईट होते.

इतकी वाईट, की पहिल्या खेपेला मी प्रॅक्टिकलमध्ये नापास झाले.

लेखी पेपर उत्तम गेले होते. पाठांतरात मला कोणी हरवू शकत नव्हतं. प्रॅक्टिकलला व्हेंटिलेटरवरचा एक पेशंट मिळाला. परीक्षक मॅडम समोर उभ्या. तेवढ्यात अलार्म वाजला. मी झटकन यंत्राकडे वळले आणि अलार्मची कारणं धडाधड म्हणायला लागले, एकही न गाळता. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "आणि तुझा पेशंट कसा आहे?" मला सांगता येईना. मी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. तो म्हातारा होता की तरुण, हेसुद्धा मला तेव्हा आठवेना.

ज्या दवाखान्यात मी आधी काम करत होते, तिथल्या मेट्रनबाईंनी पुन्हा परीक्षेला बसायची एक संधी दिली. "पास झालीस तर आयसीयू तुझा. नाहीतर ओपीडीच्या टेबलावर नावं पुकारायला बस, मी पुन्हा सोडणार नाही," असं सरळ सांगितलं. मला ओपीडीचं टेबल नको होतं. लहानपणी आमच्या आजीला शेवटच्या दिवसांत ज्या खोलीत ठेवलं होतं, त्या खोलीत काय चालतं हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. दाराबाहेर बसून आम्ही फक्त दाराकडे बघत होतो. त्या दाराच्या आत जाणारी मला व्हायचं होतं. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, मी मोठ्याने कधी म्हटलं नव्हतं तरी.

तर अशी ती दुसरी परीक्षा. नागपूरचं होस्टेल दिवाळीत रिकामं झालं, मेस बंद पडली, आणि मी पुस्तकांची पिशवी घेऊन गावी आले. पवनीहून लाखांदूरकडे जाताना एसटी आमच्या फाट्यावर थांबते, तिथून चालत आत. दोन्ही बाजूंना धान पिवळा झालेला. काही बांध्यांमध्ये कापणी होऊन कडपा पसरलेल्या, म्हणजे कापलेल्या धानाच्या मुठी उन्हात ओळीने वाळत घातलेल्या. मला तो रस्ता तेव्हा अजिबात सुंदर वाटला नाही. नापास झालेली मुलगी गावात शिरते तेव्हा रस्ता नेमका लांब होतो.

पण कापणीच्या दिवसांत गावात असतं कोण? सगळं गाव बांधीत. दुपारी आमच्या वस्तीत कोंबड्या आणि म्हातारी माणसं एवढीच. विहार रिकामं. मी तिथे फरशीवर सतरंजी टाकून अभ्यासाला बसायची. समोर बुद्धमूर्ती, मागे उघडं दार, दारातून येणारं ऊन माझ्या पुस्तकावरून सरकत सरकत भिंतीवर चढायचं. बाहेरून चुरण्याच्या मशीनची घरघर यायची, कुठेतरी धान मळला जात असायचा. त्या घरघरीत मी हृदयाचे ठोके, रक्तदाब, श्वास, शुद्धीचे गुण पाठ करत होते. इतकी शांत, इतकी गोड अभ्यासाची जागा मला पुन्हा मिळाली नाही. तेव्हा मात्र मी तिच्यावरही वैतागलेलीच असायची.

पाठांतर पुरेसं नाही, हे ठेच लागून कळलं होतं. मला माणसं हवी होती. माणसं बघायची, तपासायची, मनात नोंदवायची सवय हवी होती. म्हणून मी गावालाच पेशंट करायचं ठरवलं.

पहिले पेशंट डोमाजी आबाजी. आमच्या शेजारचे आजोबा, थकलेले, दुपारी विहाराच्या पायरीवर ऊन खात बसणारे. मी म्हटलं, "आबाजी, मला तुमचा श्वास मोजायचाय." एवढं म्हणायचा अवकाश, आबाजी ताठ बसले, छाती फुगवली, आणि पोलीस भरतीला उभं राहिल्यासारखा दमदार श्वास घ्यायला लागले.

"बरोबर येऊन राहिला का वं आकडा?" मध्येच विचारलं.

"येतोय, पण तुम्ही नेहमीसारखा घ्या ना."

"काहून? आनखी मोठा घेतो नं. तुले पास व्हाचं हाये का नाई?"

दुसऱ्या पेशंट शेवंतामावशी. आईच्या कापणीच्या टोळीतल्या सगळ्यात थोरल्या. दुपारी बायका बांधावरच्या पळसाखाली भाकरी सोडतात, तिथे मी जाऊन पोचले. शुद्ध किती आहे, हे आम्ही तीन गोष्टींवरून ठरवतो. हाक मारल्यावर डोळे उघडतात का, बोलतात कसं, आणि नखावर दाब दिला तर हात ओढून घेतात का. मावशींना म्हटलं, तुम्ही बेशुद्ध व्हा. त्या लगेच तणसावर आडव्या झाल्या, डोळे मिटले. मी नखावर पेनाने चांगलाच दाब दिला. मावशी हसऱ्या चेहऱ्याने पडून.

"दुखलं नाही का मावशी?"

"नाई वं माय, तू दाब बिनधास्त."

"अहो, दुखलं की हात ओढायचा. आणि तुम्ही बेशुद्ध आहात, बोलू नका."

"असं कसं? तू इतकी शिकून राहिली, विचारल्यावर सांगा नोको का?"

सगळ्या बायका हसून लोटपोट. आईने मावशींचा हात बघितला, नखाखाली लाल झालं होतं. तरी मावशी म्हणत राहिल्या, काही नाही, काही नाही, पोरीचं चालू द्या.

आणि तिसरे, सगळ्यात बिलंदर पेशंट, माझे बाबा. अंगणातल्या खाटेवर ते माझ्यासाठी रोज कोमात जात. नाकावर माशी बसली तरी हलायचे नाहीत. एकदा असेच कोमात असताना कुणीतरी वाटेवरून हाक मारली, "काय गा, काय करून राहिला?" तर बाबा डोळे मिटूनच म्हणाले, "ये, बस. मी सध्या बेशुद्ध हावो." त्यांचा श्वास मोजायला बसले की तो पुस्तकात छापल्यासारखा यायचा. ना कमी, ना जास्त. पहिल्या दिवशी मी सहज सांगून बसले होते की निरोगी माणसाचा किती असतो. तेवढा त्यांनी पाठ करून ठेवला.

आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं की गावात सगळ्यांचं सगळं उत्तम आहे. दम्याचे आबाजी ठणठणीत, रक्त कमी असलेल्या बायका टवटवीत, दुखणं कुणाला म्हणून नाही. मला तपासू देताना सगळ्यांनी आपापली तब्येत सणाला घर सारवतात तशी नीटनेटकी करून ठेवलेली. मी पास व्हावं म्हणून! मला त्या दिवशी खरंच रडू फुटलं. अंगणात बाबा वाळलेल्या कडपांच्या पेंढ्या बांधायला दोर वळत होते, आई चुलीशी. मी पुस्तक आपटलं.

"तुम्ही सगळे मिळून मला पुन्हा नापास करणार आहात! परीक्षेत असे खोटे पेशंट मिळत नाहीत. तिथे माणूस खरंच आजारी असतो. मला खरा आकडा पाहिजे, खरा! चांगला नको."

आई म्हणाली, "कापनीत कोनाले बिमार पडाले सवड असते वं? कापनीत कोनी बिमार पडत नाई."

हे आमच्याकडचं नेहमीचं बोलणं. नवीन काही नव्हतं त्यात. कापणी लागली की ताप, कंबर, दाढ, सगळं चुरणा होईपर्यंत पुढे ढकलायचं. धान उभा राहिला तर झडतो, ढगाळलं तर भिजतो. माणूस थांबू शकतो, धान थांबत नाही. म्हणून विचारलं की "बरं हाये" म्हणायचं. लपवाछपवी असं कुणाच्या मनातही येत नाही, रीतच आहे ती. या रीतीने किती माणसं आमच्या विभागापर्यंत उशिरा पोचतात, ते मी आज रोज बघते आणि धुमसते. पण तेव्हा मी फक्त माझ्या परीक्षेसाठी रडत होते. बाबांनी दोर वळता वळता माझ्याकडे एकदा बघितलं.

मग मला पुस्तकातली एक युक्ती आठवली. तशी ती नर्सिंगच्या अगदी पहिल्या वर्षाला शिकवतात. श्वास मोजतो आहोत हे पेशंटला सांगायचं नसतं. मनगट धरायचं, नाडी मोजायची, आणि नाडी मोजून झाली तरी बोटं तिथेच ठेवून नजर छातीकडे न्यायची. माणसाला वाटतं नाडीच चालू आहे. ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार, पण पेशंटच्या भल्याचा. दुसऱ्या दिवसापासून मी गावभर मनगटं धरत फिरले. आबाजींचं मनगट धरलं आणि गप्पा मारत त्यांच्या बंडीकडे बघत बसले, तेव्हा पहिल्यांदा त्यांचा खरा, अडखळणारा, शेवटी बारीक शिट्टी वाजणारा श्वास मला दिसला. किती वर्षं ते शेजारी राहत होते. मला गहिवरून आलं, आणि लगेच पाठोपाठ आनंदही झाला, की आता जमतंय. असे दोन्ही एकदम होणं हे आमच्या धंद्यात पुढे रोजचंच होतं.

टोळीतल्या बायकांची आणखी एक गोष्ट मी त्या दिवसांत बघितली, किंवा जन्मभर बघत होते ती पहिल्यांदा लक्षात आली. कापताना प्रत्येकीची एक पात असते, तिच्या पुढ्यातला उभ्या धानाचा पट्टा. एखादीला मध्येच उठावं लागलं, लेकरू रडतंय म्हणून किंवा पाणी प्यायला, तर ती शेजारणीला विळ्याच्या टोकाने दाखवते, इथवर आले आहे. शेजारीण तिथून तिची पात धरते. उठलेली परत येते तेव्हा तिची पात मागे राहिलेली नसते, आणि परतणारी थेट आपल्या जागी लागते. कुणी कुणाला धन्यवाद म्हणत नाही. आम्ही ड्यूटी बदलताना एकेका बेडपाशी उभं राहून पेशंट एकमेकींच्या स्वाधीन करतो, ते अगदी असंच असतं. पुस्तकात त्याची सात पानं होती. मी ती पानं त्या बांधावर बसून वाचली आणि एकदाच वाचून पुरली.

परीक्षा तोंडावर आली. आमचा हलका धान कापून, बांधून, अंगणाच्या कडेला त्याचं पुंजणं रचून झालं होतं. पेंढ्यांची ती गोल उंच रास उन्हात तापून असा वास सोडते की भूक लागते. एके दुपारी मी विहारातून घरी आले, तर बाबा त्या पुंजण्याला टेकून बसलेले. खांद्यावर शाल. बाकी सगळे शेतात असताना बाबा घरी? "पेंढ्या मोजाले आलो," म्हणाले. मी सवयीने शेजारी बसले आणि मनगट हातात घेतलं. मनगट तापलेलं होतं.

"उन्हात बसलो नं," मी विचारायच्या आत म्हणाले.

मी नाडी मोजली. बोटं तशीच ठेवली आणि छातीकडे बघितलं. शाल भराभर वरखाली होत होती. नाकपुड्या फुलत होत्या. मला वाटलं माझंच चुकलं, म्हणून पुन्हा मोजला. पुस्तकातली हद्द केव्हाच ओलांडून गेलेला श्वास होता तो. तरी आवाज कसा कोण जाणे, शांत निघाला. "बाबा, केव्हापासून?"

बाबांनी शाल ओढून घेतली. म्हणाले, "दिवाळीपासून कसकस हाये. गोळी घेतली नं मी दुकानातून. भारी धान होऊ दे, मंग पाहू."

भारी धान व्हायला आणखी बराच अवकाश होता. बाबांना तेवढा होता असं मला वाटेना. शेजारच्यांची जीप निघाली, आई विळा बांधावरच टाकून आली, पवनीत थांबलो आणि तिथून थेट भंडारा. डॉक्टरांनी बाबांना नखशिखांत तपासलं तेव्हा उजव्या काखेत एक काळा डाग सापडला, बिडीचा चटका दिल्यासारखा. गवतातला एक बारीक किडा चावतो, दुखत नाही की खाजत नाही, आणि त्याचा ताप फुप्फुसापर्यंत जातो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं. अख्ख्या गावाच्या छात्या मी तपासत होते आणि घरातली काख बघायची राहिली होती. "आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं," डॉक्टर म्हणाले. बाबांना अतिदक्षता विभागात घेतलं आणि दार लागलं. मी पुन्हा त्या दाराच्या बाहेर.

दुसऱ्या दिवशी मला नागपूरला प्रॅक्टिकलसाठी निघायचं होतं. त्या सकाळी मी आईला सांगून टाकलं, मी जाणार नाही. परीक्षा गेली खड्ड्यात. आई बाकावर बसली होती, तिच्या केसांत तणसाची काडी. होय, अगदी तशीच. म्हणून तर मला ती दिसते.

"तू अटी बसून काय करशील?" आई म्हणाली.

"तू एकटी कशी राहशील?"

"एकटी कायले? आतमंदी ते सिस्टर हाये नं."

ती सिस्टर म्हणजे वंदना सिस्टर. उंच, करड्या आवाजाच्या, कुणाशी फारसं न बोलणाऱ्या. त्यांनी बहुतेक दाराआडून आमचं ऐकलं असावं. मला आत बोलावलं, हात धुवायला लावले, आणि बाबांच्या बेडपाशी उभं केलं. मग त्या मला बाबांबद्दल सांगायला लागल्या. मुलीला धीर देतात तसं नाही. एका सिस्टरने दुसरीला पेशंट सोपवावा तसं, डोक्यापासून पायापर्यंत, सगळं क्रमाने. कोणतं औषध चालू आहे, ऑक्सिजन किती, रात्रीतून काय सुधारलं, काय बघत राहायचं. शेवटी म्हणाल्या, "कळलं? आता तू मला सोपव आणि जा. उद्या परत आलीस की मी तुला सोपवीन."

मी म्हटलं, "सिस्टर, बाबांना विचारलं तर ते बरंच आहे म्हणतात. त्यांना विचारू नका. बघा."

वंदना सिस्टरांनी मान हलवली. "हे फार कामाचं सांगितलंस," म्हणाल्या. बाहेर आले तर आईला काहीच सांगावं लागलं नाही. "पात देऊन आली नं?" एवढंच तिने विचारलं. "मंग जा आता. नीट जाजो."

परीक्षेला मला एक आजी मिळाल्या. तोंडात नळी, हात बांधल्यासारखे पांघरुणाबाहेर. अलार्म वाजायचा तो वाजलाच, परीक्षेत तो नेमका वाजतोच. या खेपेला माझी मान यंत्राकडे गेली नाही. मी आजींकडे बघितलं. डोळे विस्फारलेले, कपाळावर घाम, आणि छाती ओढून ओढून चाललेली. मी त्यांचं मनगट धरलं, वाकून कानाशी म्हटलं, "आजी, मी आहे इथे. कफ अडकलाय, आत्ता काढते." मग परीक्षकांना सांगितलं, पेशंट घाबरली आहे, नळीत स्राव आहे, आधी सक्शन, मग बाकीचं. यंत्राची कारणं मी नंतर सांगितली. त्यांतली दोन विसरलेसुद्धा. कोणी काही म्हणालं नाही.

घोडं गंगेत न्हालं. संध्याकाळी परतले तर वंदना सिस्टर ड्यूटी संपूनही थांबल्या होत्या. बेडपाशी उभं राहून त्यांनी बाबांना माझ्या स्वाधीन केलं, शब्द दिल्याप्रमाणे. बाबांचे डोळे उघडे होते. मास्कच्या आतून त्यांनी काहीतरी विचारलं, मला ऐकू येईना, मी कान जवळ नेला. "पेपर सोपा होता का?" मी इतकी रडले की वंदना सिस्टरांनी मला बाहेर काढलं, विभागाचा नियम म्हणून.

पुढे मेट्रनबाईंचा दवाखाना सोडून मी भंडाऱ्याच्या त्याच विभागात लागले. वंदना सिस्टर निवृत्त होईपर्यंत त्यांच्या हाताखाली काम केलं. डोमाजी आबाजी गेले, पण दम्याचा पंप त्यांनी शेवटपर्यंत ऐटीत खिशाला लावला, तो माझ्या भांडणामुळे. शेवंतामावशी अजून मला बघितलं की नख पुढे करतात. या माणसांसाठी मी काय केलं आहे कुणास ठाऊक. त्यांनी त्या एका मोसमात आपली छाती, मनगटं, नखं माझ्यापुढे धरली, खोटी का होईना. आणि मी अजून जेव्हा जेव्हा नव्या पेशंटच्या बेडपाशी जाते, तेव्हा हात आधी मनगटाकडेच जातो.

दर वर्षी परीक्षेच्या पोरींना मी ही गोष्ट सांगते. प्राचीलाही सांगितली. गोष्टीचा शेवट ठरलेला, "सगळ्या गावाला फसवणाऱ्या माझ्या बापाला मी मनगट धरून पकडलं. म्हणून सांगते, मॉनिटर नंतर, माणूस आधी." सांगताना माझी मान थोडी ताठ होते. होऊ दे, एवढा मान मी कमावला आहे असं मला वाटत आलं.

ती काडी खिशात टाकली त्या आठवड्यात माझी सुट्टी होती. गावी गेले. अंगणात पुंजणं रचलेलं, त्याच कडेला. बाबा आता बांधीत उतरत नाहीत, खाटेवर बसून पेंढ्यांवर आलेल्या चिमण्यांना हाकलतात आणि थोड्या वेळाने हाकलायचं विसरतात. मी शेजारी बसले, प्राचीबद्दल सांगायला लागले, आणि बोलता बोलता मनगट हातात घेतलं. नजर सदऱ्याकडे.

बाबा हसले. "मनगट धरते अन् छातीकडे पायते. मले का समजत नाई?"

"अरे वा. केव्हा कळलं?"

"तवाच. तू आबाजीचा हात धरून त्याच्या बंडीकडे पाहे, तवाच मले समजलं का हे पोट्टी दम मोजून राहिली."

मी बोटं तशीच ठेवली. पण काहीतरी जागचं हललं. "मग त्या दिवशी? इथेच बसला होतात शाल घेऊन. कळत होतं मी मोजतेय ते, तर नेहमीसारखा धरून का नाही ठेवलात? आईलासुद्धा पत्ता लागू दिला नव्हता."

"तुया आईची का परीक्षा होती?" बाबा म्हणाले. "धरत होतो नं पयले. मंग आठोलं, तू रडली होती. खरा आकडा पाहिजे मनली होती. मनलं, आता पोरीले खोटा आकडा देला अन् ते नापास झाली तं? मनून सोडून देला."

चिमण्या पुंजण्यावर परत आल्या होत्या. इतकी वर्षं मी ज्याला पकडलं म्हणून सांगत होते, त्या माणसाने आपला जीव वाचावा म्हणून नव्हे, तर माझी परीक्षा बिघडू नये म्हणून आपला दुखरा श्वास माझ्या हातात मोकळा सोडला होता. कापणी अर्धी असताना. मला त्यांच्याकडे बघवेना. मी नुसती मनगट धरून बसले.

बाबांनीच विचारलं, "किती भरला?"

"मोजायचाच राहिला, बाबा."

"मंग पुना मोज," ते म्हणाले. "मी कुठी चाललो आता?"